तासाला १२० उल्का म्हणे, आम्हाला दिसल्या दोन!

प्रश्न: १३ डिसेंबरला मिथुन राशीतला उल्कावर्षाव आहे, तासाला १२० उल्का दिसणार असं वाचलं म्हणून मुलांना घेऊन सोसायटीच्या गच्चीवर गेलो. रात्री ९ ते १० उभे होतो, माना दुखल्या आणि दिसल्या दोन, त्यातलं एक बहुतेक विमानच होतं. हे आकडे फुगवून सांगतात का? पुढच्या वर्षी दुर्बीण घेऊ का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: अहो, ठाण्यातून ९ ते १० मध्ये एक खरी उल्का दिसली असेल तर नशीबवान आहात! आकडा खोटा नाही, पण त्याच्या अटी बातमीत कुणी छापत नाही. उल्का आकाशातल्या ज्या बिंदूतून आल्यासारख्या वाटतात तो बरोबर डोक्यावर हवा आणि आकाश इतकं काळं हवं की अगदी अंधुक तारेसुद्धा दिसावेत, तेव्हाचा तो १२० चा हिशोब आहे. तुमच्याकडे तो बिंदू ९ वाजता पूर्वेला बिल्डिंगांच्या मागे होता, आणि शहराच्या उजेडात बारीक उल्का, म्हणजे बहुतेक सगळ्याच, धुऊन निघतात. तो बिंदू म्हणजे पुनर्वसूच्या जोडताऱ्यांपैकी कॅस्टरच्या जवळची जागा, ती रात्री २ च्या सुमारास जवळपास डोक्यावर येते. तेव्हा अलार्म लावून १२ नंतर बसा, खरं तर बसू पण नका, चटई टाकून सरळ आडवे पडा.

दुर्बीण अजिबात घेऊ नका (म्हणजे चंद्र-गुरू बघायला जरूर घ्या). दुर्बिणीतून आकाशाचा टीचभर तुकडा दिसतो आणि उल्का कुठूनही निघते. साधे डोळेच लागतात, फक्त त्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं द्यावी लागतात आणि तेवढ्यात कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की परत पहिल्यापासून सुरू. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत जमा करतो, भांडणं होतात पण उल्का दिसतात. कॅस्टरकडेच टक लावून बघायचीही गरज नाही, त्याच्यापासून लांब दिसणाऱ्या उल्कांची शेपटी जास्त लांब असते.

चंद्र मोठा असेल तर मजा जाते, म्हणून आधी कालनिर्णय बघा. जागा म्हणाल तर तुम्हाला वांगणी-नेरळकडचं एखादं शेत जवळ पडेल. सुट्टी असेल तर सरळ पेंचला जा, तिथल्या महाराष्ट्राच्या बाजूच्या व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा) म्हणून मान्यता मिळाली. विदर्भातली डिसेंबरची थंडी मात्र मंकी कॅपला पण ऐकत नाही.

मुलांना एक गंमत सांगा. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीमुळे होतात, हा मात्र फेथन नावाच्या एका खडकाळ लघुग्रहामुळे होतो. तो १९८३ मध्ये एका उपग्रहाला सापडला. सूर्याभोवती दीड वर्षाच्या आत फेरी मारतो आणि बुधापेक्षाही आत, सूर्यापासून साधारण २ कोटी किलोमीटरवर जाऊन भाजून येतो. त्याचे वाळूएवढे कण सेकंदाला ३५ किलोमीटरने आपल्या हवेत शिरतात. वेग ऐकायला भयंकर वाटतो पण उल्कांमध्ये ही चाल मध्यमच, त्यामुळे बोट दाखवून 'ती बघ!' म्हणायला क्षणभर तरी मिळतो. विमानाचं म्हणाल तर ते लुकलुकत निवांत आकाश पार करतं, उल्का मात्र क्षणभरात विझते.

प्रश्न: ऑगस्टमध्ये पण मोठा उल्कावर्षाव असतो ना? मला कोकणात एकदाही दिसला नाही.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: १२-१३ ऑगस्टला चिपळुणात आकाशच दिसत नाही तर ययाती तारकासमूहातल्या उल्का कुठून दिसणार! तो वर्षाव युरोप-अमेरिकेत फेमस आहे कारण त्यांचा तेव्हा उन्हाळा असतो. फारच हौस असेल तर लडाखला हानलेला जा, पाऊस तिथे नावालाच असतो. नाहीतर डिसेंबरची वाट बघा.