संपादक मंडळातली नावे कोठून येतात?

प्रश्न : संगणकशास्त्रातल्या नामांकित जर्नलांच्या संपादक मंडळांवर स्त्रिया आणि भारतासारख्या देशांत काम करणारे प्राध्यापक इतके थोडे का दिसतात? त्याने खरोखर काही बिघडते का? मी नेरूळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. माझ्यासारखीने तेथे पोहोचायचे कसे?

उत्तर :

मी ठाण्यात राहते, नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात २२ वर्षे संगणक अभियांत्रिकी शिकवते आहे आणि गेली ४ वर्षे एका आंतरराष्ट्रीय जर्नलची सहसंपादक आहे. त्यामुळे तुमचा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे.

पहिली गोष्ट अशी की, सहसंपादकाच्या जागेसाठी बहुधा जाहिरात निघत नाही. एसीएमसारखी (संगणकशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना) संस्था प्रमुख संपादक निवडताना शोधसमिती नेमते आणि उघडपणे नावे मागवते. परंतु मंडळावरचे बाकीचे सदस्य प्रमुख संपादकच सुचवतात, आणि ते सुचवताना त्यांना आठवतात ती माणसे त्यांनी पाहिलेली, ऐकलेली, कोठेतरी सोबत जेवलेली असतात. यात कोणाचा दुष्ट हेतू असतो असे मला वाटत नाही. पण ही ओळख होते कोठे, हे पाहिले की तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळते. इतर विज्ञानशाखांच्या तुलनेत संगणकशास्त्रात परिषदांना फार मोठे महत्त्व आहे. तेथे निबंध वाचला, मग परिषदेचे निबंध निवडणाऱ्या कार्यक्रम समितीवर नाव लागले, मग संपादकपद आले, असा सरळ जिना आहे. त्या जिन्याची पहिली पायरी व्हिसा, नोंदणी शुल्क आणि विमानाचे तिकीट ही आहे. जर्मनीतल्या डागश्टूल येथे १९९० पासून संगणकशास्त्रज्ञांच्या आठवडाभराच्या बैठका होतात. त्यांना निमंत्रणाशिवाय जाता येत नाही, आणि आठवडाभर एका छताखाली राहिलेली माणसे एकमेकांना विसरत नाहीत. महाविद्यालयाकडून प्रवासाचा खर्च मिळत नसलेल्या, घरी लहान मूल किंवा आजारी सासूबाई असलेल्या प्राध्यापिकेला हा जिना दुप्पट उंच होतो. आमच्या वर्गांत मुली भरपूर असतात. गळती पुढे, याच पायऱ्यांवर होते.

आकडे पाहायचे तर २०१६ मध्ये चॅड टोपाझ आणि शिलाद सेन यांनी गणितीय विज्ञानांच्या ४३५ जर्नलांतली १३,०६७ संपादकपदे तपासली. त्यांपैकी ८.९ टक्के पदे स्त्रियांकडे होती, तर अमेरिकेत डॉक्टरेट देणाऱ्या गणित विभागांच्या नियमित प्राध्यापकवर्गात स्त्रिया सुमारे १५ टक्के होत्या. म्हणजे मुळात तोकडा असलेला वाटा संपादक मंडळाच्या दारात आणखी आक्रसला. २०२३ मध्ये नेचर ह्यूमन बिहेव्हियरमध्ये आलेल्या, १५ ज्ञानशाखांच्या मोठ्या अभ्यासातही संपादकांत स्त्रिया १४ टक्के आणि प्रमुख संपादकांत केवळ ८ टक्के आढळल्या.

अशा मोजणीबाबत मात्र सावध राहावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. संपादकांची लिंगनिहाय गणना पुष्कळदा नावावरून, संगणकाकरवी केली जाते, आणि ‘किरण’ किंवा ‘शशी’ हे नाव पुरुषाचे की स्त्रीचे, हे आपल्यालाही माणूस भेटल्याशिवाय सांगता येत नाही. दक्षिणेतली आद्याक्षरांपुरती नावे तर संगणकाला पूर्णपणे अडवतात. संगणकाला न उमगलेली नावे गणनेतून वगळली जातात, म्हणजे ज्या प्रदेशाची अनुपस्थिती मोजायची, त्याच प्रदेशाची माणसे मोजणीतून सर्वांत आधी बाहेर पडतात. प्रदेशाचेही तसेच आहे. मंडळाच्या यादीत देशमुख, अय्यर, बॅनर्जी अशी आडनावे पाहून आपल्याला बरे वाटते, परंतु त्यांच्यापुढची विद्यापीठे पाहिली तर बहुतेक अमेरिकेतली किंवा युरोपातली असतात. त्या मंडळींची योग्यता निर्विवाद आहे. तरीही ऐरोलीच्या प्रयोगशाळेत संगणक किती वर्षे बदलले जात नाहीत आणि विद्यापीठाच्या परीक्षांच्या काळात संशोधनाला किती तास उरतात, हे जाणणारा माणूस मंडळावर असणे ही वेगळी गोष्ट आहे. म्हणून जन्मदेश आणि कार्यदेश वेगवेगळे मोजले पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या मंडळाची बैठक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी ९ वाजता भरते; ठाण्यात तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. ही वेळ ठरवताना मंडळावर भारतातले कोणीच नव्हते.

आता, बिघडते काय? काही वर्षांपूर्वी माझ्या विद्यार्थिनीने आणि मी घोडबंदर रस्त्यावरच्या चित्रफिती वापरून वाहने ओळखण्याच्या पद्धतीवर निबंध लिहिला. रिक्षा, टेम्पो, दोन गाड्यांमधल्या फटीतून पुढे जाणाऱ्या दुचाकी, मार्गिका न पाळणारी रहदारी, हाच त्यातला खरा शास्त्रीय प्रश्न होता. एका जर्नलच्या संपादकांनी तो समीक्षकांकडे, म्हणजे निबंध तपासणाऱ्या त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडे, न पाठवताच आठवड्याभरात परत केला. कारण दिले होते, विषय स्थानिक स्वरूपाचा आहे. याच क्षेत्रात जगभर मापदंड म्हणून वापरला जाणारा किट्टी हा डेटासंच जर्मनीतल्या कार्ल्सरूह शहरात आणि त्याच्या आसपास चित्रित झालेला आहे, पण त्याला कोणी स्थानिक म्हणत नाही. पुढे आयआयआयटी हैदराबादने भारतीय रस्त्यांचा डेटासंच प्रसिद्ध केला, त्यात रिक्षाला स्वतंत्र वर्ग आहे, आणि त्यानंतर या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. आमच्या निबंधात उणिवा होत्या, हे मी मान्य करते. त्या उणिवा एखाद्या समीक्षकाने दाखवल्या असत्या तर माझी विद्यार्थिनी त्यांतून शिकली असती. संपादकाची खरी सत्ता ही आहे: कोणता निबंध समीक्षेला पात्र आणि त्याचे समीक्षक कोण, हे दोन्ही निर्णय तो एकटा घेतो, आणि लेखकाला त्यामागची चर्चा कधीच दिसत नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर समीक्षेपासून सुरू होते. आम्ही समीक्षक शोधतो ते जर्नलच्या नोंदवहीत विषयाचे शब्द घालून. त्यामुळे जर्नलच्या संकेतस्थळावरच्या तुमच्या खात्यात ‘मशीन लर्निंग’ एवढेच लिहिलेले असेल तर तुमचे नाव हजारोंमध्ये हरवते, आणि ‘हस्तलिखित देवनागरीची ओळख’ असे लिहिलेले असेल तर ते वर येते. संशोधकाची कायमची ओळख सांगणारा ऑर्किडचा (ORCID) १६ अंकी क्रमांक अवश्य घ्यावा, विशेषतः लग्नानंतर आडनाव बदलले असेल तर. नाहीतर तुमचे निम्मे काम दुसऱ्याच कोणाचे समजले जाते. तुम्ही वाचता त्या जर्नलच्या सहसंपादकाला चार ओळींचे पत्र लिहून समीक्षेची तयारी कळवण्यात काहीही कमीपणा नाही. मला वर्षाकाठी अशी जेमतेम दोन-तीन पत्रे येतात आणि भारतातल्या प्राध्यापिकेचे अजून एकही आलेले नाही. ‘आमच्या संपादक मंडळावर या, फक्त शुल्क भरा’ अशी जी ईमेल येतात, ती मात्र वाचून पुसून टाकावीत.

पहिले निमंत्रण बहुधा उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांतच येईल. तेव्हा नकार देऊ नका, मुदत वाढवून मागा. समीक्षकाने मागितलेली १० दिवसांची वाढ मी आजवर एकदाही नाकारलेली नाही.