बकेटला फोर्क लावण्यापूर्वी लोडरची खरी उचल तपासा

प्रश्न : माझ्या ४५ एचपी ट्रॅक्टरला पुढे लोडर आहे आणि विक्रेत्याने त्याची उचल ८०० किलो सांगितली आहे. बकेटच्या कडेवर बसवून बोल्टने आवळायचे फोर्क (पॅलेटखाली सरकवायचे लोखंडी दात) घेतले, तर बेदाण्याच्या १५ किलोच्या ४० बॉक्सचे पॅलेट टेम्पोत चढवता येईल का? (तासगाव तालुका)

उत्तर : ४० बॉक्स म्हणजे ६०० किलो. एवढे वजन या जोडणीवर उचलू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

लोडरची उचल बहुधा बकेट भुजांना जोडणाऱ्या पिनेजवळ मोजलेली असते. फोर्क बकेटच्या कडेपासून पुढे निघत असल्याने पॅलेटचा मध्य पिनेच्या सुमारे ११० सेंमी पुढे जातो. लोडरच्या भुजा मागच्या पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत २ मीटर लांब धरल्या, तर ८०० किलोची उचल तेथे ५१५ किलोच्या आसपास येते, आणि त्यातून फोर्कचे ७०-८० किलो वजा केल्यावर हाती जेमतेम ४४० किलो उरतात. हा फक्त हायड्रॉलिकच्या ताकदीचा हिशेब झाला. ट्रॅक्टरचा तोल अजून यात आलेलाच नाही. म्हणून एका वेळी २४ बॉक्स, म्हणजे ३६० किलो, यापुढे जाऊ नये. आपल्या लोडरची मापे वेगळी असतील, तेव्हा टेप लावून हाच हिशेब पुन्हा करावा.

गेल्या हंगामात सावळज भागातील एका शेडवर मी पाहिले, की भरलेले पॅलेट उचलताच ट्रॅक्टरचे मागचे एक चाक जमिनीपासून चार बोटे वर आले आणि चालकाने ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर उतारावर हातभर पुढे सरकला. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांवरच असतात, त्यामुळे मागची बाजू हलकी झाली की ब्रेकची पकडही जाते. यासाठी ट्रॅक्टरच्या मागे अवजारे जोडण्याच्या थ्री पॉइंट लिंकेजवर लोडरच्या पुस्तिकेत सांगितलेले वजन टांगणे अत्यावश्यक आहे; मागच्या टायरमध्ये तीन चतुर्थांश पाणी भरल्यास आणखी आधार मिळतो.

पॅलेट नेताना फोर्क जमिनीपासून फूटभरच वर ठेवावेत आणि टेम्पोजवळ सपाट जागी थांबूनच उचलावेत. बकेट आपोआप समतल राखण्याची सोय नसलेल्या लोडरमध्ये भुजा वर जाताना फोर्कची टोके मागे झुकतात आणि वरचे बॉक्स थेट चालकाच्या अंगावर घरंगळू शकतात. म्हणून उचलतानाच बकेट थोडी थोडी पुढे झुकवत राहावे. बॉक्स पट्ट्याने बांधावेत. बॉक्स धरायला मजुराला फोर्कवर उभे करण्याची पद्धत काही शेडवर दिसते, ती कृपया आजच बंद करावी.

प्रश्न : फोर्क लावल्यावर बकेटची कड मध्यभागी वाकली. काय करावे? (वाळवा तालुका)

उत्तर : बकेटची कड माती ओढण्यासाठी असते, दोन ठिकाणी एकवटलेला भार ती मध्यभागी सोसत नाही. वाकलेली कड गॅसने तापवून सरळ केली तर तेथील पोलाद नरम पडते, त्यामुळे कडेची ती पट्टी (कटिंग प्लेट) बदलून घ्यावी. पुढे फोर्क पॅलेटच्या फटींत बसतील तितके बाजूच्या पत्र्यांकडे सरकवून लावावेत, दोन्ही फोर्क आडव्या दांड्याने जोडावेत, प्रत्येकाची चेन बकेटच्या मागच्या बाजूला ताणून बांधावी आणि पहिल्या दोन-तीन खेपांनंतर बोल्ट पुन्हा आवळावेत. रोज पॅलेटचेच काम असेल, तर बकेट उतरवून थेट पिनांवर बसणारी फोर्कची चौकट घ्यावी. तिच्यात बकेटची खोली वाचते, पॅलेट भुजांच्या जवळ येते आणि चालकाला फोर्कची टोकेही दिसतात.