सासूबाई म्हणतात, दाता दीरच हवा

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातली. सहा वर्षांपूर्वी आत्याच्या मुलाशी लग्न झालं. नवऱ्याच्या तपासणीत शुक्राणू शून्य आले, म्हणून डॉक्टरांनी दात्याचं वीर्य वापरून आययूआय (वीर्य नळीने गर्भाशयात सोडणं) करायला सुचवलं. आत्या म्हणते, परक्याचं रक्त घरात नको, धाकट्या दिराचं घ्या. आम्हा नवरा-बायकोला थॅलेसेमिया मायनर आहे, म्हणजे या आनुवंशिक रक्तविकाराचा दोष अंगात आहे, पण आजार नाही. दिराने तपासणी केलेली नाही. एक एजंट म्हणाला, ‘कागदावर वीर्य बँकेचं दाखवू.’ मी नाही म्हटलं की ‘वांझोटी, माहेरी जा’ असं ऐकावं लागतं. माझ्या सहीशिवाय हे होऊ शकतं का? मूल आजारी निघालं तर जबाबदार कोण?

उत्तर : ताई, तुमच्या सहीशिवाय काहीही होऊ शकत नाही. २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याच्या कलम २२ प्रमाणे लेखी संमती घेतल्याशिवाय क्लिनिकला उपचार करता येत नाहीत. वीर्य किंवा भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंत दिलेली संमती मागेही घेता येते. म्हणजे घाईत कुठे सही करून बसला असाल, तरी वेळ गेलेली नाही.

दिराचं वीर्य घेऊन उपचार करणं क्लिनिकला जमणारच नाही. दात्याचं वीर्य नोंदणीकृत बँकेकडूनच यावं लागतं. दाता २१ ते ५५ वयाचा हवा, त्याचा आधार क्रमांक बँकेच्या दप्तरी हवा आणि त्याची ओळख गुप्त राहायला हवी. ‘कागदावर बँकेचं दाखवू’ म्हणजे खोटी नोंद करू. या कायद्याखाली पहिल्याच गुन्ह्याला ५ ते १० लाखांचा दंड आहे. त्या एजंटाच्या वाटेला जाऊ नका.

आता रक्ताचं बघू, कारण आत्याबाईंचा सगळा आग्रह त्यावरच आहे. तुमचे पती मायनर, म्हणजे त्यांच्या आई किंवा वडिलांत तो दोष आहे. मग दिरातही तो असण्याची शक्यता निम्मी. तो मायनर निघाला, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक. मेजर म्हणजे जन्मभर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं आणि शरीरात साठणारं लोह काढायची औषधं. घरातलं रक्त म्हणून जे सुरक्षित वाटतंय, तेच तुमच्या बाळाला सगळ्यात धोक्याचं आहे. हे आत्याबाईंना तुम्ही किंवा मी सांगण्यापेक्षा रक्तविकाराच्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलेलं बरं. दिराचीही एचबीए२ (थॅलेसेमियाचा दोष दाखवणारी रक्ताची) तपासणी करून घ्या, दाता म्हणून नव्हे, त्याच्या स्वतःच्या लग्नासाठी.

घरच्या जमिनीच्या वाटणीचाही विचार करा. कायदेशीर मार्गाने झालेलं मूल कलम ३१ प्रमाणे तुमचं दोघांचंच जैविक अपत्य मानलं जातं आणि दात्याचे पालक म्हणून सगळे हक्क संपतात. चोरून केलेल्या व्यवहाराला हे संरक्षण मिळेलच, असं मी वकील म्हणून सांगणार नाही. लग्नसंबंधात जन्मलेलं मूल नवऱ्याचंच, हे पुराव्याच्या कायद्यातलं गृहीतक तुमच्या बाजूने राहील. पण पंधरा वर्षांनी भावाभावांत वाटणीवरून बिनसलं, की आज घरात झाकलेली गोष्ट भर कोर्टात निघेल. ती मुलाच्या कानावर पडेल.

बँकेकडे गेलात तरी ‘डोनर टेस्टेड आहे’ एवढ्यावर मान डोलावू नका. नियमांनी सक्तीच्या केलेल्या तपासण्या संसर्गजन्य रोगांच्या आहेत : एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस. तुम्हाला हवी ती थॅलेसेमियाची. म्हणून क्लिनिकला लेखी अर्ज द्या : ‘मी थॅलेसेमिया मायनर आहे, दात्याचा एचबीए२ अहवाल नॉर्मल असल्याचं लेखी कळवावं.’ नाव झाकलेलं असलं तरी चालेल. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या आणि ती जपून ठेवा.

कारण जबाबदारी कोणाची, याचं उत्तर त्या कागदात असेल. तुम्ही लेखी कळवूनही त्यांनी न तपासलेलं वीर्य वापरलं, तर तो सेवेतला दोष. कळल्यापासून दोन वर्षांच्या आत सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. नवऱ्याऐवजी दुसऱ्याच पुरुषाचं वीर्य वापरल्याच्या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२३ मध्ये दिल्लीतल्या एका रुग्णालयाला दीड कोटी रुपये भरायला लावले होते. मात्र कुठल्याही तपासणीत न सापडणाऱ्या दोषासाठी कोणालाच धरता येत नाही. युरोपात एका दात्यापासून झालेल्या किमान ६७ मुलांची माहिती मे २०२५ मध्ये पुढे आली. त्यांतल्या दहांना कर्करोग झाला होता. दाता स्वतः धडधाकट होता आणि टीपी५३ या कर्करोग रोखणाऱ्या जनुकातला त्याचा दोष नेहमीच्या चाचण्यांत दिसला नव्हता. आपल्याकडे एका दात्याचं वीर्य एकाहून जास्त जोडप्यांना देता येत नाही, त्यामुळे निदान इतकी मुलं एकाच दोषाच्या तावडीत सापडत नाहीत. शिवाय वैद्यकीय आणीबाणीत तुम्ही मागितल्यास गुप्त माहिती खुली करायची सोय कायद्यात आहे.

राहिलं ते ‘वांझोटी’. मूल नसल्यावरून बाईला टोचून बोलणं हा कौटुंबिक हिंसाचार आहे, असं २००५ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. आत्या सख्खी आहे म्हणून तो कमी होत नाही. त्या घरात राहायचा तुमचा हक्कही त्याच कायद्यात आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करायला पैसे पडत नाहीत. त्याआधी एकदा नवऱ्याला एकट्याला घेऊन माझ्याकडे या. तुमच्या पत्रात सगळ्यांचं म्हणणं आहे, त्यांचंच नाही.