नेटवर्क कुठे तोडायचं, ते आधी ठरवा

१६ कोअर हाताशी आहेत म्हणून लगेच कॉम्प्युटर नेटवर्कच्या सिम्युलेशनचे, प्रत्येक कोअरवर एक असे, १६ तुकडे पाडू नका. आधी छोटं मॉडेल एकाच कोअरवर चालवा आणि त्याची उत्तरं जपून ठेवा. पुढे ताडून बघायला तीच लागतात.

खरी मेख आहे ती नेटवर्क कुठे तोडायचं यात. दोन तुकड्यांमधल्या लिंकचा डिले हाच तुमचा लुकअहेड, म्हणजे शेजाऱ्याची वाट न बघता पुढे जाता येईल तेवढा काळ. डिले १० मिलिसेकंद असेल, तर शेजारच्या तुकड्याचं पॅकेट त्याआधी येऊच शकत नाही, म्हणून तेवढा सिम्युलेटेड काळ प्रत्येकजण बिनधास्त पुढे जातो. तोच डिले १ मायक्रोसेकंद असला, की ताळमेळ साधारण १०,००० पट जास्त वेळा घालावा लागतो आणि कोअर एकमेकांची वाट बघत बसतात. त्यामुळे लॅन अख्खं एकाच तुकड्यात ठेवा, लांब पल्ल्याच्या लिंकवरच तोडा. एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये एमपीआयसाठी (तुकड्यांनी एकमेकांना निरोप पाठवायची पद्धत) पॉइंट-टू-पॉइंट लिंकवरच तुकडे पडतात. हे बंधन मला तरी फायद्याचंच वाटतं.

तुकड्यांचा भार नोड मोजून ठरवू नका, इव्हेंट (पॅकेट येणं, जाणं अशा घटना) मोजा. एका गजबजलेल्या राउटरचं काम शंभर निवांत नोडपेक्षा जास्त भरू शकतं.

टाइम वॉर्प, म्हणजे वाट न बघता पुढे धावायचं आणि चुकलं तर मागे फिरायचं (रोलबॅक) ही पद्धत, सध्या बाजूला ठेवा. रोलबॅकसाठी जुनी स्थिती सांभाळताना मेमरी खूप जाते, आणि चुका शोधणं नवख्याला फार जड जातं.