पाळीच्या आधी येणाऱ्या उदासीवर ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की पाळीच्या आधीचा आठवडाभर उगाच रडू येतं, घरच्यांवर चिडचिड होते, आणि गोळ्या नकोत म्हणून ॲक्युपंक्चरचा विचार करताय. मी या त्रासातून गेले आहे, सुयाही घेतल्या आहेत.

उपयोग होऊ शकतो, पण छातीठोक सांगण्याइतका पुरावा नाही. २०१८ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, तोवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. सगळ्या मिळून पाच, त्यात २७७ स्त्रिया. खोट्या (तुलनेसाठी नुसत्या दिखाव्याच्या) सुयांपेक्षा खऱ्या सुयांनी मनाचा आणि शरीराचा त्रास जास्त कमी झालेला दिसला, मात्र पुराव्याचा दर्जा कमी किंवा फारच कमी. नेहमीच्या औषधांशी तुलना तर एकाही चाचणीत नव्हती.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, आधी दोन पाळ्यांची नोंद ठेवा. रोज रात्री चिडचिड, रडू, झोप, धास्ती यांना १ ते ६ आकडा द्यायचा, बस. हा त्रास पाळी सुरू झाली की दोन-चार दिवसांत आपोआप ओसरतो. त्यामुळे शेवटी जे काही केलेलं असतं, त्याचाच गुण आला असं वाटतं. माझ्या वहीत सुयांनंतर झोपेचे आकडे सुधारलेले दिसले, चिडचिडीचे फारसे नाहीत. वही नसती तर मी सगळंच श्रेय सुयांना दिलं असतं.

वहीचा आणखी एक उपयोग आहे. उदासी महिनाभर असेल आणि पाळीआधी फक्त वाढत असेल, तर मुळात नैराश्य असू शकतं. त्याचे उपचार वेगळे. फक्त त्याच दिवसांत येऊन कामधंदा, नाती विस्कटत असतील तर पीएमडीडीचा, म्हणजे पाळीआधीच्या मानसिक त्रासाच्या तीव्र प्रकाराचा, विचार होतो. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत २०१३ पासून ते स्वतंत्र निदान आहे. यात हार्मोनच्या तपासण्या बहुतेक वेळा नॉर्मलच येतात, कारण पातळी ठीक असते, तिच्या चढउतारांना मेंदू जास्त तीव्रतेने प्रतिसाद देतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून 'मनाचे खेळ आहेत' असं कुणी म्हणालं तर अजिबात ऐकून घेऊ नका.

गोळ्यांची भीती असेल तर एवढं माहीत असू द्या: एसएसआरआय गटाची (एरवी नैराश्यावर देतात ती) औषधं या त्रासात बऱ्याचदा थोड्याच दिवसांत गुण देतात, आणि काही जणींना ती पाळीच्या चक्राच्या फक्त उत्तरार्धात घेऊनही चालतात. डॉक्टरांना हे नक्की विचारा.

सुया घ्यायच्या ठरल्या तर प्रशिक्षित माणसाकडेच घ्या, सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या हव्यात. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा दिवस गेल्याची शक्यता असेल तर आधीच सांगा. पाळीच्या तक्रारींसाठी वापरतात तो घोट्याच्या वरचा बिंदू गरोदरपणात परंपरेने टाळतात.

आणि त्या दिवसांत जगणं नको वाटत असेल, मरणाचे विचार येत असतील, तर नोंदी आणि सुया बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. पाळी आली की जातील म्हणून वाट बघू नका.