शेतकरी कुटुंबांच्या पाहणीवर काम करणारे अर्थतज्ज्ञ नेमकं काय करतात?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: या कामात दिवसभर करतात काय, घरी शेती नसलेल्याला ते जमेल का, आणि एमए अर्थशास्त्र झाल्यावर इकडे यावं का. मी बारा वर्षं हे काम करते आहे, बहुतेक सोलापूर आणि अकोला जिल्ह्यांत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देते, बाकीची दोन त्यातून बरीचशी सुटतील.

वर्षातले चार-पाच महिने गावात जातात, उरलेले टेबलावर. टेबलावर प्रश्नावली तयार करायची, ती टॅबवर चढवायची, आलेली माहिती स्टाटा या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासायची, अहवाल लिहायचा. हे सगळं शिकता येतं. पण आकडा खरा निघणार की नाही, हे टेबलापाशी येण्याच्या कितीतरी आधी, कुणाच्या तरी ओसरीवर ठरलेलं असतं.

माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट सांगते. मोहोळ तालुक्यातल्या एका गावात आम्ही दर महिन्याला त्याच त्या घरांत जाऊन जमाखर्च लिहून घेत होतो. मार्चचे आकडे आले तेव्हा दिसलं की जवळजवळ प्रत्येक घराने गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज पूर्ण फेडलंय. पावसाने ओढ दिलेलं वर्ष, ज्वारी निम्म्यावर आलेली, आणि फेड मात्र पूर्ण. मी मसुद्यात लिहूनही टाकलं की या कुटुंबांची परतफेडीची क्षमता चांगली आहे. गावातच राहणाऱ्या आमच्या अन्वेषकाने, म्हणजे घरोघर जाऊन माहिती लिहून घेणाऱ्याने, ते वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, ही फेड नाही. नवं-जुनं आहे."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मार्चअखेर जुनं कर्ज भरायचं आणि लगेच नवं उचलायचं, याला नवं-जुनं म्हणतात. वेळेत भरलं तर व्याजात सवलत मिळते. केंद्राच्या योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज ७ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर येतं, आणि महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख योजनेमुळे तेही व्याज उरत नाही. त्यामुळे खातं नियमित ठेवण्यासाठी माणूस धडपडतो. पण भरायला पैसे हवेत ना? ते आठ-दहा दिवसांसाठी कुणाकडून तरी घ्यायचे.

मी त्यातल्या एका घरी परत गेले. मालक म्हणाले, "भरलं की ताई मार्चला. आता काय बी नाही." ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या हिशेबात कर्ज म्हणजे सोसायटीच्या वहीवरचं, आणि ते भरलं होतं. त्यांची बायको दारात सुपात जोंधळे निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "अन् माझी बोरमाळ कुठं हाय मग?" बोरमाळ सोनाराकडे गहाण होती. त्यावर मिळालेल्या पैशांत भागलं नाही, म्हणून वरचे पन्नास हजार गावातल्याच एकाकडून आठ दिवसांसाठी घेतलेले, शेकडा दोनने. आठ दिवसांचे हजार रुपये. बाईंनी ते बोटांवर मोजून दाखवले. आमच्या तक्त्यात ना बोरमाळ होती, ना ते हजार रुपये.

त्यानंतर मी "कर्ज किती आहे?" हा प्रश्न एकटा कधीच ठेवला नाही. सोसायटी, बँक, बचत गट, मायक्रोफायनान्स, कृषी सेवा केंद्राची उधारी, सोनेतारण, मुकादमाची उचल (मजुरीपोटी आधी घेतलेले पैसे), हातउसने – एकेकाचं नाव घेऊन विचारायचं. हातउसन्याला आपल्याकडे कुणी कर्ज म्हणत नाही, आणि अडीअडचणीला चालतं तेच. शिवाय घरातल्या बाईला वेगळं विचारायचं, शक्यतो तिच्या कामाच्या जागी जाऊन. दूध, अंडी, शेरडं, बचत गटाचा हप्ता, मुलाची फी यांचा हिशेब बहुतेक तिच्याकडे असतो. पुरुषांना विचारून भरलेली प्रश्नावली मला आता अर्धीच वाटते.

मापांचंही तसंच. पायली हे भरून मोजायचं माप, वजन धान्यागणिक बदलतं. पोतं कुणाचं पन्नास किलोचं, कुणाचं शंभराचं. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीची एक ओळ असेल तर तुरीखाली क्षेत्र किती धरायचं, हे आधी ठरवलं नाही तर प्रत्येक अन्वेषक आपल्या मनाने लिहितो. आणि सोलापुरात रब्बी ज्वारीचं उत्पन्न विचारताना कडबा विसरलात तर अर्धं पीकच विसरलात. शेतकरी मालदांडी ज्वारी पेरतो ती भाकरीसाठी आणि जनावरांसाठीही. कडबा शेकड्यावर विकला जातो, काढणीची मजुरी कित्येकदा पेंढ्यांतच दिली जाते, आणि ते सगळं पैशात मांडायचं काम तुमचं.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र सर्वांत साधा दिसतो: कुटुंब म्हणजे कोण? राष्ट्रीय नमुना पाहणीतही एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब, असंच धरतात. म्हणजे आपली चूल. पण दोन भावांच्या चुली वेगळ्या होतात, सातबारा बापाच्याच नावावर राहतो, विहिरीला पाळी लागते, बैलजोडी एकाकडे. वर्षानुवर्षं त्याच घरांचा माग ठेवताना अशा वाटण्या झाल्या की जुन्या घराचं उत्पन्न अचानक घटलेलं दिसतं. घटलेलं नसतं, वाटलं गेलेलं असतं.

हे सगळं इतकं महत्त्वाचं का, याचं एक उदाहरण. २०१८-१९ या कृषी वर्षाच्या राष्ट्रीय पाहणीत शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यात मजुरी-पगाराचे ४,०६३, पिकांचे ३,७९८. शेतकरी म्हणवणाऱ्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त! २०१२-१३ मध्ये उलट होतं, पिकांचे ३,०८१ आणि मजुरीचे २,०७१. मला ही ओळ अजूनही अस्वस्थ करते. आणि त्याच पाहणीत, पैसे न मोजता वापरलेल्या घरच्या गोष्टींची किंमत खर्चात धरली की १०,२१८ चे ८,३३७ होतात. घरं तीच, वर्ष तेच. खर्च कशाला म्हणायचं, एवढाच फरक. म्हणून पेपरात असा आकडा आला की मी आधी व्याख्या शोधते.

आपल्याकडे या कामाची परंपरा जुनी आहे. हॅरॉल्ड मान यांनी १९१७ मध्ये पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास प्रसिद्ध केला, शेतांचे तुकडे कसे पडत गेले हे त्यात घरोघर मोजलेलं होतं. आज तिथे टॉवर उभे आहेत. १९७५ मध्ये इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने सहा गावं निवडली, त्यांतली चार महाराष्ट्रातली: सोलापूरची शिरापूर आणि कळमण, अकोल्याची कानझरा आणि किनखेडा. प्रत्येक गावात चाळीस घरं, त्यांत भूमिहीन मजुरांचीही, आणि माहिती घेणारा माणूस गावातच मुक्कामाला. त्या माहितीवर जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी काम केलं. त्याच प्रकल्पात काम केलेले एन. एस. जोधा यांचा राजस्थानातला अभ्यास जरूर वाचा. १९६३-६६ मध्ये पाहिलेल्या घरांकडे ते १९८२-८४ मध्ये परत गेले. ज्यांचं उत्पन्न कागदावर घटलं होतं त्यांतली घरं स्वतःच्या दृष्टीने सुधारलेली निघाली, कारण जमीनदाराच्या दारात आता उभं राहावं लागत नव्हतं. आपल्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता, हे त्यांनी सरळ मांडलं. मला या क्षेत्रात धरून ठेवलं ते त्या लेखाने.

आता तुमचे उरलेले दोन प्रश्न. घरी शेती नाही ही अडचण नाही. शेती माहीत आहे असं समजून न विचारणारे जास्त चुकतात. संख्याशास्त्र मात्र पक्कं हवं, नमुना निवड तर विशेष. पगार सुरुवातीला बेताचा, नोकरी बहुधा प्रकल्पापुरती, आणि प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा.

यावं का, हे ठरवण्याआधी एक करा. ओळखीतून एखादं शेतकरी घर शोधा, त्यांची परवानगी घ्या, माहिती कुणाला दाखवणार नाही असं सांगा आणि तसं वागा. मग एक हंगाम, पेरणीपासून मळणीपर्यंत, दर आठवड्याला त्यांचा जमाखर्च वहीत लिहा. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जा, काय विकलं आणि काय आणलं ते तेव्हा ताजं आठवत असतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हिशेब जुळणार नाही, खर्च उत्पन्नापेक्षा कितीतरी जास्त निघेल. मधला पैसा कुठून आला, ते विचारायला परत जावंसं वाटलं, तर मला मेसेज करा. माझी जुनी प्रश्नावली पाठवते.