वजनावरून मुलांच्या तापाच्या औषधाचा डोस कसा काढायचा?

तुम्ही विचारलंय की मुलगा दोन वर्षांचा आहे, वजन ११ किलो, घरात पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या आहेत (एक सिरप, एक ड्रॉप्स) आणि दोन्हींवर 'डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार' एवढंच छापलंय. मग वजनावरून डोस काढायचा कसा? आणि मोठ्यांची ५०० ची गोळी पाव करून दिली तर चालेल का?

मी हॉस्पिटलच्या फार्मसीत मुलांच्या वॉर्डाची औषधं बघते, त्यामुळे हा हिशेब रोजचाच. गुणाकार चौथीतल्या मुलालाही जमेल असा आहे. घोळ होतो तो मिलीग्रॅमवरून (औषधाचं वजन) मिलीवर (द्रवाचं माप) येताना, आणि तुमच्या घरातल्या त्या दोन बाटल्या म्हणजे नेमकी तीच जागा.

आधी मिलीग्रॅम. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलीग्रॅम. ११ किलोला ११० ते १६५ मिलीग्रॅम झाले. दोन डोसांमध्ये किमान ४ तास, शक्यतो ६. २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. दिवसभराची बेरीज किलोमागे ६० मिलीग्रॅमच्या वर जाऊ द्यायची नाही, म्हणजे तुमच्या मुलाला ६६० पर्यंत.

आता बाटली हातात घ्या आणि नाव वाचून झालं की बारीक अक्षरातली ओळ शोधा. सिरपवर '५ मिलीमध्ये १२० मिलीग्रॅम' किंवा १२५ असेल, काहींवर ५ मिलीमध्ये २५० असतं. ड्रॉप्सवर बहुतेक वेळा '१ मिलीमध्ये १०० मिलीग्रॅम' असतं. तान्ह्या बाळाच्या तोंडात जास्त औषध टिकत नाही, अर्धं तर बाहेरच येतं, म्हणून ड्रॉप्स मुद्दाम घट्ट ताकदीचे करतात. सगळ्यात छोटी बाटली सगळ्यात सौम्य असेल असं आपण धरून चालतो, आणि असतं नेमकं उलटं.

समजा तुम्हाला १५० मिलीग्रॅम द्यायचेत. १२० च्या सिरपमध्ये १ मिलीत २४ मिलीग्रॅम असतात, म्हणजे साधारण ६ मिली (१४४ मिलीग्रॅम, मर्यादेत बसतात). २५० च्या सिरपचे ३ मिली. ड्रॉप्सचे फक्त दीड मिली. आता रात्री दोन वाजता 'मागच्या वेळी ६ मिली दिलं होतं' एवढंच आठवलं आणि हाताला ड्रॉप्सची बाटली लागली, तर पोटात गेले ६०० मिलीग्रॅम. दिवसभराची जवळजवळ सगळी मर्यादा एका दमात संपली. म्हणून डोस लक्षात ठेवायचा तो मिलीग्रॅममध्ये. मिली हा आकडा त्या एका बाटलीपुरताच खरा. फोनवर कुणी 'पाच द्या' म्हणालं तर पाच काय आणि कुठल्या बाटलीतून, हे विचारल्याशिवाय फोन ठेवू नका. खरं सांगायचं तर दोनपैकी एक बाटली घरातून काढूनच टाका.

वजन आजचं हवं, सहा महिन्यांपूर्वी लसीच्या वेळी केलेलं नको. मुलाला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. वयावरून डोस देण्यातली अडचणही हीच की दोन वर्षांचं एक मूल साडेनऊ किलोचं असतं तर दुसरं चौदाचं. दुसऱ्या टोकाला, मूल खूप वजनदार असेल तर गुणाकार करत बसायचं नाही. पॅरासिटामॉलचा मोठ्यांचा एका वेळचा डोस १००० मिलीग्रॅम, मुलाचा हिशेब त्याच्या वर कधीच जात नाही. अशा मुलांसाठी डॉक्टरांनाच विचारलेलं बरं.

मोजायला घरातला चमचा नको. कुणाच्या चमच्यात ३ मिली मावतं, कुणाच्या ७. तोंडाने औषध द्यायची बिनसुईची सिरिंज घ्या. बाटली आधी नीट हलवा, कारण सस्पेन्शन असेल तर औषध तळाशी बसतं. न हलवता दिलं तर आज पातळ डोस जातो आणि बाटली संपताना दाट. सिरिंजमधला बुडबुडा बाहेर काढा आणि दट्ट्याची टोकाकडची कड ज्या रेघेवर आहे तो आकडा वाचा. सिरिंजचं टोक घशाकडे न धरता गालाच्या आत धरा आणि थोडं थोडं सोडा.

गोळीचं म्हणाल तर ५०० चा पाव म्हणजे १२५, कागदावर बरोबर बसतं. पण सुरीने केलेले चार तुकडे कधीच सारखे निघत नाहीत. शिवाय मोठ्यांच्या गोळ्यांपैकी काही हळूहळू विरघळणाऱ्या असतात, त्या तोडल्या की तो हेतूच मोडतो. काहींत दुसरं औषधही मिसळलेलं असतं. सिरप मिळत असताना हा उद्योग करू नका. ॲस्पिरिनची गोळी तर मुलांना स्वतःच्या मनाने देऊच नका. विषाणूजन्य तापात त्यामुळे मेंदू आणि यकृताला इजा करणारा राय सिंड्रोम होऊ शकतो.

सर्दी-खोकल्याच्या कित्येक मिश्र औषधांत पॅरासिटामॉल आधीच घातलेलं असतं. ते आणि वर तापाचं सिरप असं दिलं तर डोस नकळत दुप्पट होतो. आयबुप्रोफेन या तापाच्या दुसऱ्या औषधाचा आकडा वेगळा, एका वेळी किलोमागे ५ ते १० मिलीग्रॅम, आणि जुलाब-उलट्यांनी मूल सुकलेलं असताना, कांजिण्या असताना किंवा डेंग्यूची शंका असताना ते देत नाहीत. ते डॉक्टरांना विचारूनच.

अँटिबायोटिकचा डोस घरी काढायचा नसतो, पण चिठ्ठी वाचता यावी म्हणून एक गोष्ट सांगते. तिथे किलोमागचा आकडा बहुधा पूर्ण दिवसाचा असतो. किलोमागे ४० मिलीग्रॅम रोज, दोन वेळा विभागून, म्हणजे तुमच्या मुलाला ४४० चे दोन भाग, २२० आणि २२०. दर वेळी ४४० नव्हे. पॅरासिटामॉलचा आकडा एका वेळचा आणि हा दिवसाचा, एवढ्या फरकाने शिकलेली माणसंही फसतात.

तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि ताप ३८ सेल्सिअस किंवा वर असेल तर हिशेब करत बसू नका, थेट डॉक्टरांकडे न्या. नवजात बाळाचं यकृत आणि मूत्रपिंडं पुरती तयार नसतात, त्यामुळे नुसत्या वजनाच्या गुणाकारावर तिथे भरवसा ठेवता येत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकने हे फार वाईट रीतीने दाखवून दिलं होतं. बाळांच्या शरीरात ते साठत गेलं, बाळं राखाडी पडली आणि काही दगावली.

डोस जास्त गेलाय असं वाटलं तर मूल खेळतंय म्हणून थांबू नका, लगेच हॉस्पिटलात न्या. पॅरासिटामॉलने यकृताला होणारी इजा पहिल्या दिवशी बहुधा दिसतच नाही, आणि त्यावरचा उतारा, ॲसिटाइलसिस्टीन, पहिल्या आठ तासांत सुरू झाला तर सर्वांत चांगलं काम करतो. उलटी करवू नका. जाताना बाटली सोबत न्या, आणि किती वाजता, किती मिली दिलं ते कागदावर लिहून घ्या. तिथे पहिले प्रश्न तेच असतात.